त्या वाळूला दिवाळीचा झाडू लावू नका



दिवाळी तीन आठवड्यांवर आली. आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांमधून आता माळे रिकामे होतील, पितळेची भांडी चिंचेनं घासली जातील, गाद्या गच्चीवर उन्हात पडतील. सगळं करा. फक्त ज्यांच्या घरी समुद्राच्या पाण्याचा टँक आहे आणि त्यात चार बोटांहून जास्त वाळू आहे, त्यांनी त्या वाळूला हात लावू नये, एवढंच सांगायला आज लिहितोय. लांबेल. कारण नुसतं 'नको' म्हटलं की आपल्या लोकांना पटत नाही, 'का नको' ते सांगावं लागतं.

मी कॉमर्सचा माणूस. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बँकेतूनच निवृत्त झालो. जीवशास्त्राशी संबंध मॅट्रिकलाच सुटला. पण निवृत्तीनंतर लेकीकडे न्यू जर्सीला पाच महिने राहिलो, तेव्हा तिच्या घरचा साडेचारशे लिटरचा रीफ टँक सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. ती दोघं सकाळी कामावर जायची, नात शाळेत, मग मी आणि तो टँक. तळाला सहा इंच पांढरी बारीक वाळू, वर खडक, खडकांवर प्रवाळाची कलमं. हो, तिकडे प्रवाळाची कलमं विकत मिळतात, आपल्याकडे गुलाबाची मिळतात तशी. परत आलो तो हा नाद घेऊनच. आता घरी माझा स्वतःचा लहान टँक आहे, त्यालाही तेरा वर्षं झाली.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कुणी विचारेल, काका, तुमच्याकडे प्रवाळ का नाही? आपल्या देशात खडक तयार करणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ सालापासून. समुद्री घोडेही आणि समुद्री काकड्याही संरक्षित आहेत. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत ही प्रवाळं. कुणी दुकानदार हळूच 'मागच्या खोलीत आहे' म्हणाला तर तिथूनच मागे फिरावं. माझ्या टँकमध्ये माणसानं बनवलेले खडक, पैदास केंद्रातली क्लाउनफिशची जोडी, दोन गोबी, एक कोळंबी आणि पाच इंच वाळू. पाहुणे मासे बघतात. मी संध्याकाळी चहा घेऊन बसतो तो वाळू बघायला.

वाळूत बघण्यासारखं काय आहे?

मासा खातो, घाण करतो, उरलेलं अन्न कुजतं, त्यातून अमोनिया होतो. तो विषारी. प्राणवायूवर जगणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. इथपर्यंत कुठल्याही टँकमध्ये होतं, गोड्या पाण्याच्याही. पण नायट्रेट पुढे जात नाही, साठत राहतं. माशांना थोडंफार चालतं, प्रवाळांना ते वाढलेलं सोसत नाही, आणि शेवाळाची चंगळ होते. ते काढायचे सरळ मार्ग दोन. एक तर पाणी बदलत राहा, म्हणजे परदेशी मिठाची बादली संपत राहील आणि पाकीटही. नाहीतर असे जिवाणू पाळा जे नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नायट्रोजन वायू सोडून देतात. हवेत बहुतांश तोच वायू आहे, त्याचा कुणाला त्रास नाही. मात्र हे जिवाणू ते काम मोकळा प्राणवायू नसेल तिथेच करतात. खोल, बारीक वाळू ही त्यांची जागा.

वरच्या बोटभर थरात प्राणवायू असतो. त्याखाली तो संपत जातो आणि हे नायट्रेटवाले जिवाणू कामाला लागतात. काचेला डोळा लावलात तर वाळूत मधेच अडकलेले बारीक बुडबुडे दिसतील. तो बहुधा हाच वायू, म्हणजे काम चालू आहे. त्याच्याही खाली, जिथे नायट्रेटही पोचत नाही, तिथे आणखी एका जातीचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजलेल्या अंड्याचा वास येतो तो वायू. तो विषारी आहे, यात शंका नाही. पण तो जागच्या जागी लोखंडाच्या अंशांशी जोडला जातो आणि काळा पट्टा दिसतो, आणि उरलेला वर येता येता वाटेतल्या थरांमध्येच संपतो. वर माशांपर्यंत पोचत नाही. पोचतो कधी? आपण पोचवला तर.

गेल्या वर्षी नात्यातल्याच एका घरी हे झालं. चार फुटी टँक, पाच वर्षांचा, वाळू चांगली पाच इंच. दिवाळीच्या साफसफाईत काचेतून दिसणारा काळा पट्टा घरच्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. महिन्याला येणाऱ्या सर्व्हिसवाल्याला सांगितलं, यंदा तळापासून स्वच्छ कर. त्यानं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून सगळी वाळू ढवळली, वर पंप लावून गाळली. पैसे घेऊन गेला. रात्री नऊला भाचेसुनेचा फोन.

"मामा, पाणी दुधासारखं झालंय, आणि घरात गटाराचा वास येतोय. ब्लू टँग आडवा पडलाय."

मी म्हटलं, "अगं, आधी मासे बाहेर काढ. बादलीत नवं मिठाचं पाणी आहे का? हवेचा पंप त्यात सोड. मी निघालोच."

पोचलो तेव्हा दांडिया बाजारात दिवाळीची गर्दी, स्कूटर काढायला जागा नाही. क्लाउनफिशची जोडी वाचली. बाकी सात मासे सकाळपर्यंत गेले. त्यांच्या धाकट्या मुलाला कसं सांगायचं, यावर घरात दोन तास चर्चा झाली. शेवटी त्यानं स्वतःच येऊन बघितलं.

तिथे मासे दोन गोष्टींनी मेले. पाच वर्षं खाली बसलेला सल्फाइड एकदम पाण्यात आला, ही एक. दुसरी म्हणजे प्राणवायू नसलेल्या थरातला सगळा माल वर आल्याबरोबर पाण्यातला प्राणवायू खाऊन बसला. अशा वेळी पहिला तास महत्त्वाचा. मासे वेगळ्या पाण्यात, जोरदार हवा, टँकमध्ये कार्बन, आणि जमेल तेवढं पाणी बदलणं. नवं पाणी तयार नसेल तर निदान हवेचा पंप लावा. सकाळी सर्व्हिसवाल्याला बोलावून भांडण्यात काही अर्थ नाही.

तो मुलगा अडाणी होता असंही मी म्हणणार नाही. त्याला जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं. आपल्याकडे बहुतेक दुकानांत प्रवाळाचा जाड चुरा विकतात, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्या चुऱ्याच्या फटींत घाण साठते, तो नळीनं उपसून साफ करावाच लागतो. तेच शिक्षण त्यानं बारीक वाळूवर चालवलं. जाड चुरा वेगळा आणि बारीक खोल वाळू वेगळी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझं मत असं आहे, कुणाला पटो न पटो. एकतर वाळू बोटभर ठेवा आणि दर वेळी नळीनं साफ करा. नाहीतर चार ते सहा इंच ठेवा आणि खालच्या थराला आयुष्यभर हात लावू नका. अधलंमधलं, दोन-तीन इंचांचं, मला पसंत नाही. धड साफही होत नाही आणि खाली शांतपणे कामही होत नाही. वाळू आरागोनाइटची, म्हणजे शिंपल्या-प्रवाळांच्या चुन्याची, बारीक रव्यापासून साखरेच्या दाण्यापर्यंत मिसळलेली असावी. द्वारकेहून किंवा गोव्याहून पिशवी भरून आणलेली नव्हे. ती आणूही नये, आणि त्यात काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसाही नाही. आणि टेबलाचा विचार आधी करा. चार फूट लांब, दीड फूट रुंद टँकमध्ये पाच इंच वाळू म्हणजे शंभर किलोच्या वर वजन होतं. पाण्याचं आणि खडकांचं वेगळं. सुताराला हे आकडे आधी सांगा.

आता दुसऱ्या बाजूचं. तळ उघडा ठेवणारे, वाळूचा कणही न घालणारे लोक आहेत, आणि त्यांच्यातले कित्येक माझ्याहून जाणकार. ते म्हणतात, जोराचा प्रवाह ठेवा, स्किमर मोठा लावा, घाण खाली बसूच देऊ नका. नाजूक फांद्यांच्या प्रवाळांना जबर प्रवाह लागतो. त्या प्रवाहात बारीक वाळू उडून खडकांवर बसते, हेही खरं. लेकीच्या टँकमध्ये पंपाचं तोंड जरा खाली झालं की एका कोपऱ्यात खड्डा आणि दुसऱ्यात टेकडी व्हायची. ज्यांना तो मार्ग जमतो त्यांनी तो धरावा. मला तो दवाखान्याच्या फरशीसारखा वाटतो, पण हा आवडीचा प्रश्न झाला.

खोल वाळूचा पुरस्कार करणाऱ्यांमध्येही एकमत नव्हतंच. १९८०च्या दशकात ज्याँ झोबेर या फ्रेंच प्राध्यापकांनी वाळू जाळीवर ठेवून खाली पाण्याची पोकळी सोडायची पद्धत मांडली. पुढे अमेरिकेत रोनाल्ड शिमेक यांनी पोकळीशिवाय नुसत्या बारीक खोल वाळूचा आग्रह धरला, आणि त्यातले किडे हेच खरं यंत्र आहे असं सांगितलं. २००५ साली टूनेन आणि वी या दोघांनी टाक्या मांडून तुलना केली, तर पोकळीचा काही खास फायदा दिसला नाही. मी शिमेक यांच्या बाजूचा. कारण किडे मला रोज दिसतात.

पण माझं खरं भांडण उघड्या तळवाल्यांशी नाहीच. ते 'वाळू घाला आणि विसरा' म्हणणाऱ्यांशी आहे. खोल वाळूची बदनामी ढवळणाऱ्यांनी केली त्याहून जास्त विसरणाऱ्यांनी केली. हात लावायचा नाही म्हणजे लक्षही द्यायचं नाही, असा अर्थ कुणी काढला?

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. टँकमध्ये जमा कशानं होते? खाण्यानं. चिमूटभर दाणे टाकले की त्यात नायट्रोजन आला आणि फॉस्फेटही आलं. नायट्रोजनला बाहेर जायची वाट आहे, वायू होऊन जातो, खातं मिटतं. फॉस्फेटचा वायू होत नाही. ते चुन्याच्या वाळूला चिकटून बसतं. पहिली काही वर्षं पाण्याच्या तपासणीत आकडा झकास येतो, मालक खूष. प्रत्यक्षात ते सस्पेन्स खात्यात पडून आहे. वाळूची धरून ठेवायची ताकद संपली की पाण्यात परत येऊ लागतं, आणि एक दिवस काचेवर शेवाळ, खडकावर शेवाळ. मग लोक म्हणतात, जुना टँक बिघडला, वाळूच वाईट. वाळूचा काय दोष? तुम्ही रोज जमा करत होता, नावे काहीच टाकत नव्हता. खाणं बेतानं द्या. गोठवलेलं खाणं धुऊन, पाणी टाकून द्या. स्किमरचा प्याला रोज रिकामा करा. बाजूच्या टाकीत वाढणारं शेवाळ कापून बाहेर फेका. फॉस्फेट त्याच्याबरोबर बाहेर जातं.

आणि किडे सांभाळा. दिवे मालवल्यावर टॉर्च घेऊन बघा. काचेलगत बिळं दिसतील, बिळांतून शेवयांसारखे धागे बाहेर येऊन कण गोळा करताना दिसतील. ब्रिसल वर्म, ॲम्फिपॉड, कोपेपॉड, नासारियस नावाच्या गोगलगायी ज्या खाण्याचा वास आला की वाळूतून सोंड वर काढतात. शेतात गांडुळं करतात तेच हे करतात. बिळांमधून पाणी खाली नेतात, वाळू मोकळी ठेवतात, सांडलेलं संपवतात. ते गेले की वाळू मरते. वर निळसर-लाल थर धरतो, आत गठ्ठे बनतात.

यांना मारणाऱ्या गोष्टी लोक हौसेनं विकत आणतात. वाळू चाळणारा तारामासा 'सफाई करतो' म्हणून दुकानदार गळ्यात मारतो. तो घाण खात नाही, हे किडेच खातो, आणि ते संपले की उपाशी मरतो. वाळू तोंडात घेऊन गाळणाऱ्या मोठ्या गोबीही तशाच. माझ्याकडच्या दोन्ही लहान जातीच्या आहेत, खडकात राहणाऱ्या. दुसरं म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध. ते मुख्य टँकमध्ये कधीही टाकायचं नाही. मासा वेगळ्या बादलीत काढून तिथे उपचार करा. तांबं या बारीक जिवांना विष आहे, आणि वाळू ते धरून ठेवते.

एवढं सांभाळूनही लहान टँकमध्ये काही जाती कालांतरानं संपतातच. त्याला उपाय आपल्या आजीचा, विरजण. दही पातळ व्हायला लागलं की ती शेजारून चमचाभर दुसऱ्या घरचं विरजण मागवायची. तसं दर वर्ष-दीड वर्षानं दुसऱ्याच्या निरोगी टँकमधली वाटीभर वरची वाळू आणून आपल्या वाळूवर पसरायची, फक्त त्या टँकमध्ये रोग नाही याची खात्री करून. मी एका गुजराती स्नेह्यांकडून घेतो, ते माझ्याकडून घेतात. चुना हळूहळू विरघळतो, त्यामुळे वाळू खाली बसत जाते, म्हणून थोडी नवी वाळूही वरून घालत राहायची.

पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलताना नळीचं तोंड वाळूच्या बोटभर वर धरायचं. खडकांवरची घाण पिचकारीनं उडवायची. फार तर वरचा अर्धा इंच, तोही एका वेळी हातभर जागेपुरता, हलकेच साफ करायचा. काचेतून दिसणारा हिरवा-काळा पट्टा डोळ्यांत खुपत असेल तर बाहेरून काळ्या कागदाची पट्टी चिकटवा. उजेड अडला की काचेलगतचं शेवाळही कमी होतं. आमच्या भाचेसुनेच्या घरी दहा रुपयांच्या कागदानं काम भागलं असतं.

गठ्ठ्यांवरून आठवलं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची औषधं लोक एकदम ओततात, मग वाळूचे दाणे एकमेकांना चिकटून दगड होतो. पोरबंदरी दगड आपण जुन्या इमारतींना पाहिलाय, तोही अशाच चुन्याच्या वाळूचे कण चिकटून झालेला. त्याला हजारो वर्षं लागली, टँकमध्ये औषधाची बाटली ते काम काही आठवड्यांत करते. मोजून, थेंबाथेंबानं द्या.

घर बदलताना जुनी खोल वाळू तशीच उचलून नव्या जागी घालू नका. हे दिवाळीच्या ढवळण्याहून वाईट. मासे-खडक न्या, वरची दोन वाट्या वाळू विरजण म्हणून न्या, बाकी नवी घ्या. चालू टँकमधून काढायचीच असेल तर पाणी बदलताना एका कोपऱ्यातली थोडी, नळीनं ओढून, पंधरा दिवसांनी पुढची. दोन-तीन महिने लागू देत.

आपल्या बडोदेकरांना समुद्राचं काय, असं एक जण मला म्हणाले. अहो, द्वारका-ओखा-बेट म्हणजे ओखामंडळ, ते गायकवाडांच्याच राज्यात होतं. महाराज सयाजीरावांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करवून घेतली, आणि तिचे अहवाल १९०९ आणि १९१६ साली छापले गेले. संस्थानानं त्यावर पैसा खर्च केला होता, आणि आपण आज त्याच समुद्रातले जीव दिवाणखान्याची शोभा म्हणून आणून वर्षात मारतो, हे मला लागतं. मुलांना टँक घेऊन देण्याआधी एकदा जामनगरजवळ नराऱ्याला न्या, ओहोटीच्या वेळी. १९८२ सालचं मरीन नॅशनल पार्क आहे, गाइड बरोबर घेऊन चालत प्रवाळांपर्यंत जाता येतं. वाटेत वाळू-चिखलावर किड्यांनी काढलेल्या बारीक शेवयांचे ढीगच्या ढीग दिसतात. ते कुणी झाडत नाही.

भाचेसुनेचा टँक आता पुन्हा सुरू झालाय. क्लाउनफिशची तीच जोडी, वाळू नवी, चार इंच, काळा कागद लावलेला. तिला पहिलं विरजण माझ्याकडूनच गेलं. आणखी कुणाला हवं असेल तर या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरी आहे, आधी फोन करून या. प्लास्टिकचा डबा आणा आणि निम्मा आपल्याच टँकच्या पाण्यानं भरून आणा. घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्याचा गडू कुणी आणला तर परत पाठवीन.